एडलवाइसची रोपे इंदुरात पावसाळा ओलांडत नाहीत: मार्गदर्शन हवे

गच्चीबाग_इंदूर (प्रश्न)

सर्वांना सप्रेम नमस्कार.

गेली दोन वर्षे मी लोकमान्य नगरातील आमच्या घराच्या गच्चीवर एडलवाइस हे आल्प्स पर्वतातील फूलझाड वाढवण्याचा प्रयत्न करीत आहे. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते, की हे शेवंती, झेंडू आणि सूर्यफूल यांच्याच कुळातील, जेमतेम वीतभर उंचीचे बहुवर्षायू झाड असून त्याच्या फुलावर लोकरीसारखी दाट पांढरी लव असते. माझ्या दिवंगत वडिलांच्या नाणेसंग्रहात ऑस्ट्रियाचे दोन सेंटचे नाणे आहे आणि त्याच्यावर हे फूल कोरलेले आहे. ते नाणे भिंगाखाली धरून मला दाखवताना बाबा नेहमी म्हणत, की हे फूल एकदा प्रत्यक्ष पाहायचे राहून गेले. तेव्हा माझ्या या खटपटीमागचे कारण आपल्या लक्षात येईल.

पहिल्या वर्षी मी एका भारतीय विक्रेत्याकडून घरपोच बी मागवले आणि ऑक्टोबरमध्ये बागेतील काळी माती, कुजलेले शेणखत व कोकोपीट यांच्या मिश्रणात पेरून वर बोटभर माती पसरली. चारच अंकुर वर आले आणि तेही पंधरवड्यात कोलमडले. दुसऱ्या वर्षी बी मातीच्या पृष्ठभागावर नुसते भुरभुरले, तेव्हा तीसेक रोपे उगवली. त्यांपैकी अकरा मी वेगवेगळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांत लावली. हिवाळाभर ती उत्तम वाढली. फेब्रुवारीअखेर प्रत्येक रोपाचा पानांचा गुच्छ जमिनीलगत रुपयाच्या नाण्याएवढा झाला होता. एप्रिलपासून मी त्यांच्यावर हिरवी जाळी लावली, तरीही मे महिन्यात सहा रोपे गेली. उरलेली पाच जुलैच्या पहिल्या मोठ्या झडीनंतर आठ दिवसांत संपली. पाने वरून धडधाकट दिसत होती, पण बोटाने हलकेच उचलताच अख्खा गुच्छ हातात आला. खाली मुळांच्या जागी तपकिरी, ओलसर आणि किंचित आंबूस वासाचा गर तेवढा उरला होता.

माझा चुकलेला भाग माती हा आहे, ऊन आहे की पाऊस, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. शिवाय रोपांची पाने मला चित्रांतल्यापेक्षा फारच हिरवी वाटली, त्यांच्यावर लव अगदी विरळ होती. म्हणजे बीच दुसरे कशाचे होते काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपल्या माळव्यात हे झाड फुलापर्यंत नेणे शक्य तरी आहे काय?

---

वनस्पतिमित्र_ग्वाल्हेर

ताई, आपला प्रश्न वाचून फार समाधान वाटले, कारण आपण निरीक्षण बारकाईने केले आहे आणि त्यातच निम्मे उत्तर दडलेले आहे. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे थोडे मागे जाऊन लिहितो.

आधी फुलाविषयी. आपण ज्याला एडलवाइसचे फूल म्हणतो त्यात पाकळ्या म्हणून दिसणारा भाग पाकळ्यांचा नसतोच. मध्यभागी जी पिवळसर गोल बोंडे एकमेकांना चिकटून बसलेली असतात त्यांतील प्रत्येक बोंड हा अनेक सूक्ष्म फुलांचा एक गुच्छ, म्हणजे झेंडूच्या एका फुलाच्या बरोबरीचा असतो, आणि भोवतालची पांढरी चांदणी ही लवेने मढलेल्या पानांची, अर्थात छदांची असते. या चांदणीवरून सिंहाचा पंजा आठवला म्हणून प्रजातीचे नाव लिओंटोपोडियम पडले. एडलवाइस या जर्मन नावाचा अर्थ मात्र सरळ आहे: उदात्त शुभ्र.

ही लव झाडाला उगाच मिळालेली नाही. आल्प्समध्ये हे झाड साधारण १८०० ते ३००० मीटर उंचीवर, चुनखडीच्या कड्यांत आणि उतारावरच्या दगडाळ गवतात वाढते. तेथे हवा विरळ, वारा कोरडा आणि उन्हातील अतिनील किरण प्रखर असतात. लवेमुळे पानातील ओलावा टिकतो. शिवाय २००५ साली बेल्जियम आणि हंगेरीतील संशोधकांनी दाखवून दिले, की या केसांची सूक्ष्म रचनाच अशी आहे की अतिनील किरण त्यांच्यात शोषले जातात आणि दृश्य प्रकाश आतल्या पेशींपर्यंत पोचतो. आपल्या रोपांची पाने हिरवी का राहिली, याचे उत्तर येथे आहे. सकस मातीत, भरपूर खतावर आणि जाळीच्या सावलीत वाढलेले एडलवाइस लांबट, मऊ आणि हिरवे होते, लव विरळ पडते. युरोपातील सखल भागातील बागांतही असेच घडते. त्यामुळे एवढ्यावरून बी खोटे ठरत नाही. पानाची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा पांढरी आणि मखमली होती का, ते आठवून पाहा. तशी असेल तर रोपे बहुधा खरी होती.

आता मातीविषयी. माळव्याची काळी माती गव्हाला आणि हरभऱ्याला जितकी मानवते, तितकीच ती या झाडाला घातक आहे. ती बेसाल्ट खडकापासून बनलेली, अतिशय बारीक कणांची चिकणमाती आहे. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि एकदा भिजल्यावर दिवसेंदिवस पाणी धरून ठेवते. आल्प्समध्ये बर्फ असतो, मग तेथे ओल नसते काय, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक बर्फाच्या जाड थराखाली झाड अतिशय थंड, पण कोरड्या अवस्थेत विश्रांती घेत असते, आणि वसंतात बर्फ वितळले की पाणी उतारावरून, दगडांच्या फटींतून वाहून जाते. मुळांशी साचलेले कोमट पाणी हा प्रकार त्याच्या वाट्याला कधी आलेलाच नाही. आपली पाच रोपे त्याच पाण्याने गेली.

म्हणून काळी माती कुंडीत चमचाभरही घालू नये आणि शेणखत पूर्ण वर्ज्य करावे. मी सुचवीन ते मिश्रण असे: दोन भाग धुतलेली जाड वाळू किंवा चाळलेली बारीक गिट्टी, एक भाग संगमरवराची चुरी आणि एक भाग पूर्ण कुजलेला पालापाचोळा. संगमरवर हा मुळात चुनखडीच असल्याने या झाडाला हवा असलेला चुना त्यातून मिळत राहतो. फरशीवाल्यांकडे पांढरी खडी म्हणून कधी कधी गारगोटीची खडी मिळते, तेव्हा घेताना एका खड्यावर लिंबाचा रस पिळून पाहावा. बारीक फेस आला तर संगमरवर समजावा. हीच चुरी रोपाच्या मानेभोवती बोटभर जाडीने पसरावी, म्हणजे पानांचा गुच्छ ओल्या मातीला टेकत नाही आणि मान कुजत नाही.

---

महूकर

नमस्कार. माझी हंगामी फुलझाडांची लहानशी रोपवाटिका आहे. एडलवाइस मी दोन हिवाळे केले आहे, त्यामुळे पेरणीपुरते अनुभवाचे सांगतो.

बी धुळीसारखे बारीक असते, एका ग्रॅममध्ये कित्येक हजार भरतात. त्याला उगवायला प्रकाश लागतो, म्हणून ताईंनी पहिल्या वर्षी वर बोटभर माती घातली तिथेच खेळ संपला होता. पेरणीच्या आधी बी किंचित ओल्या वाळूत मिसळून, झाकणाच्या डबीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तीन ते चार आठवडे ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. ही थंडी मिळाली की उगवण एकसारखी होते, नाही तर चार आज, दोन पुढच्या महिन्यात, असे चालते.

मी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात डबी फ्रिजमध्ये ठेवतो आणि दिवाळीच्या सुमारास, रात्री गार होऊ लागल्या की उथळ ट्रेमध्ये वाळूसकट भुरभुरतो. वरून पाणी घालत नाही; ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू देतो आणि पृष्ठभाग गडद झाला की लगेच उचलतो. दोन ते चार आठवड्यांत अंकुर दिसतात. वाळूत ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळल्यापासून माझ्याकडे मर रोगाने कोलमडणारी रोपे पुष्कळ कमी झाली. चार खरी पाने आली की रोपे वेगळी करावीत. त्याहून उशीर करू नये, मुळे एकमेकांत गुंततात.

एक गोष्ट स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. हे झाड बियांपासून केले तर साधारणपणे दुसऱ्या वर्षी फुलते. आल्प्समध्ये रोप पहिल्या उन्हाळ्यात वाढते, बर्फाखाली हिवाळा काढते आणि पुढच्या जुलै ते सप्टेंबरात फुलते. आपल्याकडे मात्र नोव्हेंबरमध्ये उगवलेल्या रोपाला फूल दिसण्याआधी निदान एक पूर्ण मे महिना आणि एक पूर्ण पावसाळा काढावा लागतो. माझी रोपे दोन्ही वेळा जूनपर्यंत टिकली, पुढे टिकली नाहीत. त्यामुळे पुढचे उत्तर ज्याने पावसाळा ओलांडला असेल त्याच्याकडूनच यावे.

---

रामबागकर

माझ्याकडे तीन रोपांनी एक पूर्ण वर्ष काढले आणि त्यांतील एकाला फूल आले, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो. माझा विषय पदार्थविज्ञान. बागकामात मी शिकाऊच आहे, परंतु हा प्रश्न बराचसा उष्णतेचा आणि बाष्पीभवनाचा आहे असे माझे ठाम मत झाले आहे.

मे महिन्यात गच्चीवरच्या प्लास्टिकच्या कुंडीला दुपारी हात लावून पाहा; चटका बसतो. पानांना एक वेळ ते ऊन सोसेल, कारण डोंगरावरचे ऊनही काही मवाळ नसते. मुळांना ते सोसत नाही, कारण डोंगरात मुळे खडकाच्या फटीत खोल आणि गार असतात. म्हणजे उन्हाळ्यात गार ठेवायची आहेत ती मुळे, आणि त्यासाठी आपल्या घरात पिढ्यानपिढ्या असलेला माठ हे उत्तम साधन आहे. मी एका मोठ्या कच्च्या मातीच्या कुंडीत दुसरी लहान मातीची कुंडी ठेवली, मधल्या चार बोटांच्या जागेत वाळू भरली आणि रोज संध्याकाळी त्या वाळूलाच पाणी घातले. बाहेरच्या कुंडीच्या अंगातून पाणी पाझरून उडून जाते आणि आतली कुंडी माठातल्या पाण्यासारखी गार राहते. आतल्या रोपाला वेगळे पाणी क्वचितच लागते, कारण कुंडीच्या भिंतीतून पुरेशी ओल आत येते. दोन्ही कुंड्यांची तळाची भोके मोकळी असली पाहिजेत आणि जोड कुंडी विटांवर ठेवलेली असली पाहिजे. इंग्लंडमधील पर्वतीय झाडांचे जोपासक कुंड्या वाळूच्या वाफ्यात गळ्यापर्यंत पुरतात, त्याचेच हे आपल्या हवेला साजेसे रूप आहे.

ठिकाण पूर्वेकडच्या सज्जातले निवडावे: सकाळी दहा-साडेदहापर्यंत उघडे ऊन आणि नंतर भिंतीची सावली. हिरव्या जाळीखाली दिवसभर मंद उजेड आणि कोंडलेली हवा असते. ती या झाडाला मुळीच नको. पाने हिरवी पडण्याचे कारण वर सरांनी सांगितलेच आहे. सज्जात आणल्यावर माझ्या रोपांची नवी पाने महिन्याभरात राखाडी-पांढरी होऊन आली.

आता पावसाळा. प्रत्येक घरातला अनुभव आहे, की माठातले पाणी मे महिन्यात गारेगार होते आणि जुलैत होत नाही. हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्यावर पाणी उडणार कोठे? म्हणून जी जोड कुंडी मेमध्ये रोपाला वाचवते तीच जुलैत त्याला मारते, कारण तेव्हा ओली वाळू गारवा देत नाही, नुसती ओल देते. पहिल्या वर्षी मी नेमकी ही चूक केली आणि सात रोपे गमावली. दुसऱ्या वर्षी मृगाचा पहिला पाऊस झाल्याबरोबर आतल्या कुंड्या बाहेर काढल्या, ओली वाळू टाकून दिली आणि कुंड्या छपराखाली लाकडी फळीवर मोकळ्या मांडल्या. इंदुरात वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यातला एक थेंबही मी रोपांवर पडू दिला नाही. दिवसभर लहान टेबलपंखा अगदी मंद गतीने त्यांच्यावरून फिरत ठेवला. पाणी खालून, तेही पानांचा ताठरपणा किंचित उतरल्यावरच, आठ-दहा दिवसांतून एकदा. खालची पाने वाळली की चिमट्याने लगेच काढली, कारण ओलसर वाळके पान मानेला चिकटून राहिले तर कूज तेथूनच सुरू होते.

लंडनच्या क्यू उद्यानात २००६ साली उघडलेल्या डेव्हिस आल्पाइन हाऊसमध्ये हाच विचार मोठ्या प्रमाणावर केलेला आहे. तेथे वातानुकूलन यंत्र नाही. उंच कमानीच्या काचघरातून गरम हवा वर निघून जाते आणि जमिनीखालच्या काँक्रीटच्या चक्रव्यूहातून गार झालेली हवा झाडांवरून वाहत राहते. थंडीइतकेच वाहत्या हवेला महत्त्व आहे, हे त्यावरून माझ्या मनावर ठसले.

फूल एकच आले आणि आल्प्समधल्यापेक्षा लहान होते, साधारण आठ आण्याच्या नाण्याएवढे. छदांवर लव होती, पण दाट म्हणता येणार नाही. तरीसुद्धा त्या दिवशी सकाळी कोवळ्या उन्हात ती लव अशी चमकली, की आमच्या आईने चष्मा लावून दोनदा पाहिले. ते रोप पुढच्या पावसाळ्यात गेले. माझ्या मते येथे या झाडाचे आयुष्य दीड-दोन वर्षांचेच धरावे आणि दर हिवाळ्यात नवी रोपे तयार ठेवावीत. थंड प्रदेशातल्या बागांतही ते फार दीर्घायुषी नसतेच.

---

बडोद्याची_बाग

वरील चर्चा अतिशय मोलाची आहे. दोन मुद्दे जोडावेसे वाटतात.

पहिला बियांविषयी. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकाने बी सामानात टाकून आणावे असा सल्ला पुष्कळदा दिला जातो; तो कृपया कोणी मानू नये. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार बियांच्या आयातीला परवाना आणि निर्यातदार देशाचे आरोग्य प्रमाणपत्र लागते. हा नियम आपल्या शेतीला परक्या रोगांपासून वाचवण्यासाठीच आहे. रीतसर आलेले बी मिळत असेल तर लागवडीसाठी निवडलेल्या वाणाचे घ्यावे. स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतात एडलवाइस चक्क शेतात पीक म्हणून घेतात, सौंदर्यप्रसाधनांसाठी त्याला मागणी आहे, आणि त्यासाठी तेथील शासकीय कृषी संशोधन संस्थेने हेल्वेशिया नावाचे एकसारखे वाढणारे वाण विकसित केले आहे.

दुसरा मुद्दा हिमालयाचा. एडलवाइस केवळ युरोपाचे नाही. या प्रजातीतील सर्वाधिक जाती हिमालय आणि पश्चिम चीनच्या पर्वतांत आहेत. उत्तराखंडमधील व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये लिओंटोपोडियम हिमालयानम आहे, आणि ते ऐन पावसाळ्यात फुलते. तेव्हा आल्प्समधल्या जातीपेक्षा ही जात आपल्या पावसाला अधिक सरावलेली असावी, असा तर्क करता येतो. तेथून रोप उपटून आणणे मात्र गुन्हाही आहे आणि अन्यायही.

---

वनस्पतिमित्र_ग्वाल्हेर

हिमालयातील जातीचा मुद्दा चांगला आहे, परंतु त्यात एक मेख आहे. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तेथे पाऊस असतो तो गार पाऊस, आणि रात्री तर थंडगार. वनस्पती दिवसा कमावलेले अन्न रात्री श्वसनात खर्च करते, आणि रात्र जितकी उबदार तितका खर्च अधिक. इंदूर सुमारे ५५० मीटरांवर असल्याने माळव्याची उन्हाळ्यातील रात्र आमच्या ग्वाल्हेरपेक्षा पुष्कळ सुखाची आहे, पण डोंगरी झाडाच्या हिशेबाने तीही गरमच. हिमालयातील ब्रह्मकमळाचेही असेच आहे. आपल्या घराघरांत ब्रह्मकमळ म्हणून जे रात्री फुलते ते निवडुंगाच्या कुळातले असते. खरे ब्रह्मकमळ, म्हणजे सॉसुरिया, हे एडलवाइसच्याच कुळातले आहे आणि ते मैदानात कोणी टिकवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. त्यामुळे रामबागकरांनी एक फूल मिळवले हे मला फार मोठे यश वाटते.

ताईंना एकच विनंती: सगळी रोपे एकाच पद्धतीने ठेवू नका. निम्मी जोड कुंडीत आणि निम्मी साध्या मातीच्या कुंडीत ठेवून नोंद करा.

---

गच्चीबाग_इंदूर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे.

सर, मी आठवून पाहिले. रोपे काढून टाकताना एक पान मी बाबांच्या नाण्यांच्या वहीत ठेवले होते, ते आज काढून पाहिले. वरची बाजू हिरवट-तपकिरी झाली आहे, पण खालची अजूनही पांढरी आहे आणि बोट फिरवले की मखमलीसारखी लागते. म्हणजे बी खरे होते.

माझी मेमधील चूक प्लास्टिकच्या कुंड्या आणि जाळी ही होती आणि जुलैमधील चूक काळी माती आणि उघडी गच्ची ही, एवढे आता स्पष्ट झाले. पूर्वेकडच्या सज्जाला आमच्याकडे पत्र्याचे छप्पर आहे. ते दुपारनंतर तापते, म्हणून त्याच्याखाली बांबूची चटई बांधून घेते. संगमरवराची चुरी काल मिळाली. दुकानातच लिंबू पिळून पाहिले आणि फेस आला. उरलेले बी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फ्रिजमध्ये ठेवीन आणि दिवाळीनंतर पेरीन. बारा रोपे धरायचा विचार आहे, सहा जोड कुंडीत आणि सहा साध्या कुंडीत.

रामबागकर, एक शंका राहते. मृगाचा पाऊस कधी कधी एक दिवस येऊन नंतर पंधरा दिवस दडी मारतो आणि पुन्हा ऊन तापते. अशा मधल्या दिवसांत आतल्या कुंड्या परत ओल्या वाळूत ठेवाव्यात काय?

---

रामबागकर

ठेवू नयेत. एकदा हवेत दमटपणा आला की ऊन पडले तरी माठ पूर्वीसारखा गार होत नाही, आणि कुंड्या सारख्या काढघाल केल्याने मुळे दुखावतात. त्या दिवसांत कुंड्या सज्जाच्या आतल्या भिंतीशी सरकवा आणि पंख्याची गती एका घराने वाढवा. खात्री करायची असेल तर रोपांशेजारी पाण्याने भरलेला एक माठ ठेवा. सकाळी त्यातले पाणी हाताला चांगले गार लागले तरच वाळू भिजवावी.